पाच डबे, पाच वाट्या आणि एक फाटलेलं दूध

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की थंडी पडलीये, गरम प्यायच्या पदार्थांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. मला वाटलं मसाला दूध, गवती चहा, फार तर सूप असं काहीतरी येईल. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त हॉट चॉकलेटची! मग काय, एका शनिवारी पिशवी घेऊन निघाले आणि पाच डबे घेऊन आले, ह्यांनी बिल बघितलं आणि काहीच बोलले नाहीत, म्हणजे समजा तुम्ही. तर ह्या वेळी सगळे प्रश्न त्यावरचेच.

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठवीत आहे. क्लासवरून साडेआठला येते आणि आल्या आल्या हॉट चॉकलेट पाहिजे म्हणते, मैत्रिणींबरोबर एकदा एफसी रोडला कॅफेत प्यायली तेव्हापासून हे सुरू झालंय. दर वेळी बाहेर कुठे नेणार, म्हणून सुपरमार्केटमध्ये गेले तर एकाच फळीवर ड्रिंकिंग चॉकलेट, हॉट चॉकलेट मिक्स, कोको पावडर, शिवाय ते माल्टवालं. सगळ्यांवर तोच वाफाळता कप. नक्की कोणता घेऊ? — एक आई, सिंहगड रोड

उत्तर : त्या वाफाळत्या कपाकडे बघूच नका, डबा उलटा करा. मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात आणि आपल्याकडे नियम असा आहे की वजनाने जे सगळ्यात जास्त ते पहिलं छापायचं, मग त्याच्याहून कमी, असं उतरत. ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यावर पहिलं नाव बहुतेक वेळा साखर असतं. कोको दुसरा, आणि बऱ्याचदा त्याच्यापुढे कंसात टक्के दिलेले असतात. तो आकडा म्हणजे तुमच्या मुलीचं हॉट चॉकलेट, बाकी सगळं गोड दूध.

आता हिशोब करा. समजा मागे लिहिलंय १०० ग्रॅममध्ये साखर ७० ग्रॅम आणि कोको १८ टक्के. एका कपाला दोन मोठे चमचे शिगोशीग घातले तर सहज २५ ग्रॅम पावडर जाते, म्हणजे साडेसतरा ग्रॅम साखर (चहाचे साडेतीन-चार चमचे) आणि कोको जेमतेम साडेचार ग्रॅम. वरून मुलगी म्हणणार "आई, गोड कमी आहे", की अजून एक चमचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आत वरची साखर सांगते आणि २५च्या आत ठेवली तर आणखी चांगलं म्हणते, आठवीतल्या मुलीला त्याहून कमीच धरायची. मी हॉट चॉकलेट देऊ नका म्हणत नाहीये हं, मी स्वतः पिते. फक्त पौष्टिक दूध म्हणून देऊ नका, खाऊ म्हणून द्या.

तक्त्यात 'टोटल शुगर' आणि 'अ‍ॅडेड शुगर' असे दोन आकडे असतात, त्यातला दुसरा बघा. दुधाची स्वतःची साखर असते, २०० मिली दुधात साधारण नऊ-दहा ग्रॅम, तिच्याशी आपलं भांडण नाही.

माल्टवाल्या डब्यांचा प्रकार वेगळा. तिथे मुख्य माल जव किंवा गव्हाचा माल्ट, दुधाची पावडर आणि साखर, कोको रंगाला आणि वासाला. चव चांगली असते पण ते हॉट चॉकलेट नाही. आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विकणाऱ्यांना कळवलंय की बोर्नव्हिटा आणि तसली पेयं 'हेल्थ ड्रिंक' ह्या खान्यात दाखवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाहीये. हे आपल्या पिढीला पचायला जड जातं, कारण आपण त्याच्यावरच वाढलो.

आता माझे पाच डबे. नावं देणार नाही, एका संध्याकाळच्या पाच वाट्यांवरून कुणाला पास-नापास करणं मला पटत नाही, आणि संपादकांनाही पटणार नाही. पण प्रकार सांगते, प्रकार कळले की नावं तुम्हाला फळीवर आपोआप दिसतील. पहिला, आपल्या लहानपणापासूनचं ड्रिंकिंग चॉकलेट, साखर आणि कोको. दुसरा, दुधाची पावडर आत असलेला, फक्त गरम पाणी ओता म्हणणारा. तिसरा 'कॅफेसारखं घट्ट' म्हणून मिरवणारा, त्याच्यात कॉर्नफ्लोअर आणि डिंकाच्या जातीचं काहीतरी. चौथा महागडा, कॅम्पातून आणलेला, पावडर नाहीच, किसलेलं चॉकलेट. पाचवा साधी कोको पावडर, साखर घरची.

एकच म्हशीचं दूध, प्रत्येकी दीडशे मिली, एकच पातेलं दर वेळी विसळून. फक्त दुसऱ्या नंबरला त्याच्या सांगण्याप्रमाणे पाणी. पाच जणांना पाच-पाच वाट्या म्हणजे पंचवीस, त्यात आमच्या घरात एकसारख्या वाट्या अठराच निघाल्या म्हणून उरलेल्यांची सोय शेजारून. बुडाला चिकटपट्टीवर नंबर. परीक्षक म्हणजे सासूबाई, हे, माझी भाची, शेजारच्या वहिनी आणि मी.

सासूबाईंनी पहिला नंबर पहिल्याला दिला. का, तर "गोड आहे आणि कडू नाही." भाचीने तिसऱ्याला, तिला ओठावर मिशी यायला हवी होती. वहिनींनी दुसऱ्याची वाटी नुसती हुंगून खाली ठेवली आणि म्हणाल्या रेल्वेतलं आहे का हे. आमचे हे पाचही वाट्या संपवून म्हणाले सगळ्या सारख्याच आहेत की, आणि टीव्हीसमोर जाऊन बसले. मला चौथा आवडला, आणि किंमत बघता तो आवडायलाच हवा होता असंही मनात आलं.

पण चौथा का वेगळा लागतो ते सांगते, कारण सगळी गोम तिथे आहे. कोकोच्या बीच्या गरात निम्म्याच्या आसपास लोणी असतं, कोको बटर. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हौटेन ह्यांनी हे लोणी दाबून बाहेर काढायच्या प्रेसचं पेटंट घेतलं, उरलेली पेंड दळली की झाली कोको पावडर. तिच्यात चरबी उरते साधारण १० ते २४ टक्के. म्हणजे डब्यातलं चॉकलेट हे लोणी काढून घेतलेलं चॉकलेट आहे, ताकासारखं म्हणा ना. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आपल्या तोंडाच्या उबेत, ती जी जिभेवर रेशमासारखी पसरते ती भावना त्याची. किसलेल्या चॉकलेटमध्ये ते शाबूत असतं. पावडरीत नसतं म्हणून कंपन्या कॉर्नफ्लोअर घालतात, डिंक घालतात. आपण काय करायचं, दूध चांगलं वापरायचं! फुल क्रीम किंवा म्हशीच्या दुधात ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. शंभर रुपये जास्तीचा डबा आणून डबल टोन्ड दुधात घालण्यापेक्षा साधा डबा आणि फुल क्रीम पिशवी, ही माझी शिफारस.

एक गोष्ट मात्र पावडरीच्या सगळ्याच डब्यांना लागू. पावडर सरळ उकळत्या दुधात टाकू नका. कोको विरघळत नाही, तो तरंगतो नाहीतर गोळे धरतो, आणि गोळ्याच्या आत पावडर कोरडी ठाक राहते, पिताना जिभेवर फुटते आणि ठसका लागतो. आधी कपात पावडर घ्या, त्यात दोन चमचे गरम दूध, आणि चमच्याच्या पाठीने कडेला घासत राहा. आधी वाळूसारखी किरकिर लागते, मग ओल्या मातीसारखं होतं, आणि एका क्षणी एकदम चकचकीत, डोशाच्या पिठाहून घट्ट अशी पेस्ट होते. तिथे थांबा, मग बाकीचं दूध. आणि फेस हवा असेल तर ते बॅटरीवरचं यंत्र आणायची गरज नाही, ताकाची छोटी रवी काढा. मेक्सिकोत, म्हणजे जिथे चॉकलेट प्यायची परंपराच जुनी आहे तिथे, घुसळायला लाकडी मोलिनियो असतं, ते दोन तळहातात धरून फिरवतात. फोटो बघितलात तर म्हणाल ही तर आपलीच रवी, जरा नक्षीवाली.

आता तुमच्या मुलीसाठी. मी तुमच्या जागी असते तर पाचव्या डब्याचं घरी मिक्स केलं असतं. १०० ग्रॅम कोको पावडर, १५० ग्रॅम पिठीसाखर, २० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याने कोको उठतो. सगळं एकत्र दोनदा चाळून घ्या आणि कोरड्या बरणीत भरा, ओला चमचा घालणाऱ्यावर लक्ष ठेवा. एका कपाला ह्यातले २० ग्रॅम म्हणजे दोन सपाट मोठे चमचे, त्यात साखर जाते ११ ग्रॅम आणि कोको सात ग्रॅमच्या वर. वरच्या हिशोबाशी ताडून बघा, साखर दोन तृतीयांश झाली आणि कोको दीडपट. कॉर्नफ्लोअर आहे म्हणून दूध घातल्यावर मंद आचेवर ढवळत दोन मिनिटं उकळायचं, नाहीतर कच्चट लागतं आणि घट्टही होत नाही. भाचीला हे नंतर न सांगता दिलं, तिने तिसऱ्या डब्यातलं समजून प्यायलं. मी अजून सांगितलेलं नाही.

आणि सासूबाईंसारखं कुणी घरात असेल तर ड्रिंकिंग चॉकलेटचा एक छोटा डबाही ठेवा.

प्रश्न : वर्षानुवर्षे एकच डबा घेतो. परवा हातात घेतला तर हलका लागला. बघतो तर किंमत तीच, वजन कमी. ही फसवणूक नव्हे काय? कोणता डबा खरोखर स्वस्त हे ग्राहकाने ओळखायचे कसे? — बँकेतून निवृत्त, सहकारनगर

उत्तर : काका, चीड येते हे खरं, पण निव्वळ वजन डब्यावर छापलेलं असेल तर कायद्याने ती फसवणूक ठरत नाही. आपण वजन वाचत नाही ह्यावर सगळा खेळ चाललाय. आता एमआरपीच्या जवळच 'युनिट सेल प्राइस' छापलेली असते, एका ग्रॅमला किती पैसे, ती बघायची सवय लावून घ्या. डब्याचा आकार, 'फॅमिली पॅक', 'वीस टक्के जास्त', सगळं त्या एका आकड्यापुढे गप्प बसतं.

पण तुम्ही बँकेतले म्हणून पुढचं सांगते, इथे तो आकडाही पुरत नाही. समजा एक डबा ५०० ग्रॅम, ३०० रुपये, म्हणजे ग्रॅमला ६० पैसे. दुसरा २०० ग्रॅम, १८० रुपये, ग्रॅमला ९० पैसे. पहिला स्वस्त वाटतो. पण पहिल्यात साखरच जास्त असल्याने कपाला ३० ग्रॅम घालावी लागते, झाले १८ रुपये. दुसऱ्यात कोको जास्त, १५ ग्रॅममध्ये काम होतं, साडेतेरा रुपये. साखर तर तुमच्या घरी आहेच, ती चॉकलेटच्या भावाने कशाला आणायची?

किमती चढल्या त्याचं कारण मात्र दुकानदार नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना ह्या शेजारी देशांत होतो, तिथे हवामान आणि झाडांवरच्या रोगाने पीक पडलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला, त्याच्या दोनच वर्षं आधी तो अडीच हजाराच्या घरात होता. नंतर उतरला. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून कोको पावडर आणि चॉकलेटवरचा जीएसटीही १८ वरून ५ टक्के झाला. तेव्हा तुमच्या दुकानदाराला पुढच्या खेपेला हे जरूर ऐकवा, पण हळू आवाजात.

प्रश्न : मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. माझ्याकडे दोन कोको पावडरी आहेत, एक फिक्कट तांबूस, एक जवळजवळ काळपट. काळ्यात चॉकलेट जास्त असतं का? हॉट चॉकलेटला कोणती वापरू? — हडपसर

उत्तर : नाही नाही, रंगावर जाऊ नका. काळपट आहे ती डच प्रोसेस्ड, म्हणजे कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केलेली (वर ते व्हॅन हौटेन आले ना, ही युक्तीही त्याच घराण्यातली, मुलाची). साधा कोको थोडा आंबट असतो, अल्कलीने तो आंबटपणा मरतो, रंग गडद होतो आणि दुधात मिसळायलाही सोपा जातो. पाकिटावर 'अल्कलाइज्ड' लिहिलेलं असतं किंवा घटकांत ५०१, ५०० असे नंबर दिसतात, ते पोटॅशियम आणि सोडियम कार्बोनेटच्या जातीचे.

कपासाठी काळी घ्या, सौम्य लागते. फिक्कटीत फळासारखी एक आंबूस चव असते, ती ज्यांना आवडते त्यांना फार आवडते, मला स्वतःला ती आवडते. केकला मात्र रेसिपीत नुसता खायचा सोडा असेल तर फिक्कटच हवी, सोड्याला आंबट काहीतरी लागतं फुलायला, काळी घातलीत आणि रेसिपीत दही-ताक काही नसेल तर केक बसतो आणि साबणासारखा वास येतो. बेकिंगच्या दुकानात सुटी कोको पावडर मिळते ती घेताना पुडी उघडून वास घ्या, कुबट किंवा नुसता धुळीचा वास आला तर परत द्या.

प्रश्न : साखर नको म्हणून गूळ घातला आणि सगळं दूध फाटलं!! तीनदा झालं. डबा खराब आहे का? — कर्वेनगर

उत्तर : डबा बिचारा निर्दोष आहे. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, त्यात क्षार असतात, आणि उकळत्या दुधाला तेवढं निमित्त पुरतं. दूध सकाळपासून दोनदा तापवलेलं असेल तर बघायलाच नको. त्यात फिक्कट कोको असेल तर तोही आंबट बाजूचाच. माझं ह्याच महिन्यात फाटलंय, पाहुणे बाहेर बसलेले आणि मी ओट्याशी पातेल्याकडे बघत उभी, वर तपकिरी पाणी आणि खाली चॉकलेटी पनीर. गाळून, साखर घालून आटवलं आणि नवीनच मिठाई म्हणून दिलं, एकीने रेसिपी मागितली.

तर, कोकोचं दूध उकळून घ्या, गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, आणि मग बारीक चिरलेला गूळ किंवा गुळाची पावडर कपात घालून त्यावर ओता. परत गॅसवर ठेवायचं नाही. चव खमंग येते, सुंठेची चिमूट घातलीत तर आणखीच.

प्रश्न : मला डायबेटिस आहे. नातवंडे पितात तेव्हा मलाही घोटभर घ्यावेसे वाटते. सुनेने शुगर फ्री हॉट चॉकलेट आणले आहे. चालेल का? — एक आजी, कोथरूड

उत्तर : आजी, डब्यावर 'शुगर फ्री' किंवा 'नो अ‍ॅडेड शुगर' लिहिलंय म्हणजे काहीच चढणार नाही असं नसतं. मागे माल्टोडेक्स्ट्रिन असा शब्द आहे का ते नातवाला वाचायला सांगा, तो चवीला गोड नसतो पण पोटात गेल्यावर त्याचं पटकन ग्लुकोजच होतं. दुधाची साखरही असतेच. ९५५ किंवा ९६० नंबर दिसला तर ती गोडी सुक्रालोजची किंवा स्टीव्हियाची.

मी काय सुचवीन, बिनसाखरेची कोको पावडर एक लहान चमचा, अर्धा कप दूध, वेलदोडा. पहिल्या दिवशी कडू लागेल, चौथ्या दिवशी लागणार नाही. आणि ते अर्धा कप दूध तुमच्या दिवसभराच्या दुधातलंच धरायचं, वरचं नाही. डॉक्टरांना पुढच्या वेळी एकदा सांगून ठेवा. नातवंडांच्या कपातला एक घोट घेतलात तर मी काही बघितलं नाही.

प्रश्न : होस्टेलवर राहतो, इलेक्ट्रिक केटल आहे फक्त. रात्री अभ्यासाला हॉट चॉकलेट बेस्ट की कॉफी? केटलमध्ये दूध उकळलं तर चालतं का? — इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष

उत्तर : अरे नको! केटलमध्ये दूध खाली लागतं, वर उतू जातं, आणि तो जळका वास त्या केटलमधून वर्षभर जात नाही, मग तुझ्या चहालाही तो, मॅगीलाही तो. तुझ्यासाठीच तो दुसरा डबा आहे, दुधाची पावडर आत असलेला. फक्त त्याच्यावर सांगितलंय त्याच्या पाऊण पटच पाणी घाल आणि वरून एक चमचा दूध पावडर, म्हणजे रेल्वेतलं लागणार नाही.

जागायचं असेल तर मात्र हे उपयोगाचं नाही. पाच ग्रॅम कोकोत कॅफिन साधारण दहा-बारा मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीच्या कपात साठच्या आसपास. हॉट चॉकलेट पिऊन तू गोधडीत शिरशील, पेपर राहील बाजूला.

प्रश्न : सगळीकडे ते परदेशी डबे. आपल्या देशात, आपल्या पुण्यात काही होत नाही का? आणि मुळात हळदीचं दूध असताना हे थेर कशाला? — एक जुने वाचक, नारायण पेठ

उत्तर : हळदीचं दूध प्याच, कोण नाही म्हणतंय. पण आमच्या भाचीला ते देऊन बघा.

पुण्याचं म्हणाल तर वीकफिल्ड आपलंच, १९५६ पासूनचं, नगर रोडचं. कस्टर्ड पावडर म्हटलं की तेच नाव येतं, त्यांची कोको पावडर आणि ड्रिंकिंग चॉकलेटही आहे. कॅडबरीचं मूळ बर्मिंगहॅमचं, १८२४ मध्ये जॉन कॅडबरींच्या दुकानात चहा-कॉफीबरोबर प्यायचं चॉकलेट विकायला होतं, चघळायचं नंतर आलं. पण त्यांचा कारखाना आपल्या तळेगावजवळ इंदुरीला आहे. कर्नाटकात सुपारी-कोकोच्या शेतकऱ्यांची कॅम्पको ही सहकारी संस्था आहे, १९७३ची, पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना. कोको आपल्याकडे पिकतोही, केरळ, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूत, बहुतेक नारळ-सुपारीच्या सावलीत. ऑरोव्हिलचं मेसन अँड को, कोचीचं पॉल अँड माइक, हैदराबादचं मनम, हे लोक इथल्याच कोकोचं चॉकलेट करतात, त्यांची एखादी डार्क वडी आणा आणि २५ ग्रॅम किसून कपभर दुधात वितळवा, एकदा करून बघा काका, मग थेर म्हणा. खिशाला जड आहे, सणावारीच परवडतं.

प्रश्न : आमचा लॅब्राडोर कप चाटून पुसून साफ करतो. क्यूट दिसतं पण सासरे म्हणतात देऊ नका. कोण बरोबर? — बाणेर

उत्तर : सासरे. कोकोत थिओब्रोमीन असतं, ते आपल्या शरीरातून लवकर निघून जातं पण कुत्र्याच्या शरीरात बराच वेळ राहतं, त्याने उलट्या, धाप, झटके, हृदयाचे ठोके वाढणं असं होऊ शकतं. आणि घरची कोको पावडर दुधाच्या चॉकलेटपेक्षा कितीतरी पटीने वाईट, कारण त्यात ते एकवटलेलं असतं. लॅब्राडोर मोठा आहे म्हणून चाटलेल्या कपाने आत्तापर्यंत काही झालं नाही, पण त्याला आता वास माहीत झालाय, उद्या बरणीच पाडेल. बरणी वरच्या फळीवर, कप लगेच सिंकमध्ये. आणि कधी पावडर खाल्लीच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत न पडता डबा हातात घेऊन सरळ व्हेटला फोन लावा, किती खाल्ली आणि कुत्र्याचं वजन किती, ह्या दोन गोष्टी ते आधी विचारतात.